गॅलरीतली टिपाडं

आमच्या इमारतीत सेक्रेटरी व्हायला एकच पात्रता लागते, मीटिंगला उशिरा पोचणं. मी त्या दिवशी भाजी घेऊन दहा मिनिटं उशिरा आलो, तोवर माझी बिनविरोध निवड होऊन चहाही संपला होता. हायस्कुलात जन्मभर गणित शिकवून रिटायर झालेला माणूस, म्हणजे रिकामटेकडा आणि वर प्रामाणिक, असा लोकांचा हिशेब. रिकामटेकडा मी होतोच. प्रामाणिकपणाबद्दल मलाही तेव्हा शंका नव्हती.

लातूरच्या जुन्या वस्तीत आमची इमारत आहे. तळमजला धरून चार मजले, आठ घरं, आठ मालक. आठही मालकांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. मग एक दिवस जिन्याखाली मीटरच्या डब्याशेजारी पालिकेची नोटीस चिकटली. जुन्या इमारतींच्या मालकांनी आपल्या गॅलऱ्या आणि जिने परवाना असलेल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत आणि दाखला सादर करावा, नाहीतर इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली जाईल. नोटीस वाचून मला खरं तर बरं वाटलं होतं. वरच्या गॅलरीच्या पोटाला गंजाचे तांबडे ओघळ मी कित्येक वर्षं बघत होतो आणि कुणीतरी कधीतरी यात डोकं घालावं असं मला वाटायचं. ते कुणीतरी मीच असेन, हे डोक्यात आलं नव्हतं.

लातुरात गॅलरी कशासाठी असते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ती हवा खायला नसते, पाणी ठेवायला असते. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा दिवसांनी. उन्हाळ्यात टँकर आला की त्याचा पाइप खालून दोरीनं कठड्यावरून वर ओढून घ्यायचा, आणि पाइप जिथं पोचतो तिथंच टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, ठेवायचं. दोनशे लिटरची ही निळी टिपाडं प्रत्येक गॅलरीत उभी असतात. आमच्याकडं तीन होती. आमच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, अप्पांच्या गॅलरीत चार.

आणि आमच्या गॅलरीत टिपाडांच्या जोडीला माझे वडील होते. त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात. नांदेड जिल्ह्यात, लोह्याकडच्या एका खेड्यात त्यांची जमीन आहे. आई गेल्यावर ती बटईनं, निम्म्या वाट्यावर, लावून ते माझ्याकडं राहायला आले. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे पार गेलेले. दोन मजले उतरणं वर्षातून एखाद-दोन वेळा, तेही दवाखान्यासाठी. बाकीचं जग त्यांनी गॅलरीपाशी बोलावून घेतलं होतं. सकाळी अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ते दोन टिपाडांच्या मधल्या जागेत खुर्ची टाकून बसत. भाजीचा गाडा आला की दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि वरूनच हुज्जत घालायची. रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या माणसांना ते ओळखत होते आणि उरलेल्या निम्म्यांची ओळख करून घेत होते. "कुनीकडचे पावने?" असा वरून आवाज आला की चालता माणूस थांबायचाच. बायको म्हणायची, यांना गॅलरीतून उठवलं तर आठ दिवस निघायचे नाहीत. ती हे कौतुकानं म्हणायची.

एकदा मी पाणी भरत असताना दादांनी विचारलं, "एका टिपाडाचं वजन किती रं भरंल?"

गणिताचा मास्तर मी, लगेच सांगितलं, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा दोनशे किलो.

दादांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी दोन क्विंटल. तीन टिपाडं, सा क्विंटल. बारा कट्टे सोयाबीन अधांतरी टांगलंय की तू!"

मी हसलो होतो. हा हिशेब शाळेत मी हजार वेळा शिकवला असेल, पण आपल्याच गॅलरीला तो लावून बघावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

नोटिशीवर मीटिंग अप्पांच्या घरी झाली. अप्पा मूळचे उदगीरचे. आडत दुकान मुलाच्या हवाली करून ते आता आमच्या इमारतीचे अध्यक्ष म्हणून कारभार बघतात. सकाळची लिंगपूजा झालेली, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, बोलणं गोड. ते म्हणाले, "सर, पावने येनार म्हनल्यावर घर आवरतावच की आपन. तसंच आवरायचं. त्यात काय एवढं?"

आणि आठही मालकांचं पहिल्यांदा एकमत झालं. तपासणीच्या दिवशी गॅलरीत पाणी दिसता कामा नये. मी विरोध केला का? केला. "हे काही बरोबर नाही," असं म्हणालो आणि पुढं आलेला चहा घेतला. खरं सांगायचं तर मलाही धसका बसला होता. इमारत रिकामी करायची वेळ आली असती तर भाड्याचं घर मिळालं असतं कुठल्यातरी बोळात, आतल्या बाजूला, आणि दादांना दिवसभर समोरच्याची भिंत बघत बसावं लागलं असतं. मी हे त्यांच्यासाठी करतोय असं मी स्वतःला बजावलं.

टिपाडं रिकामी करायची म्हणजे पाणी ओतून द्यायचं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पुढचं पाणी सहा दिवसांनी येणार होतं. आदल्या दिवशी दुपारभर सगळी इमारत तांब्या-तांब्यानं पाणी आत नेत होती. घागरी भरल्या, पातेली भरली, कुकर, परात, नातवंडांसाठी आणलेला टब, शेवटी देवघरातला गडवासुद्धा भरला. आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. रिकामी झालेली तीन टिपाडं मी आतल्या खोलीत दादांच्या पलंगामागं आडवी करून ठेवली आणि वर चादर टाकली. दादा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांना वाटलं गॅलरी धुवायची असेल. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं हे सुचलंच नाही.

इंजिनिअर बाई नांदेडहून आल्या. तिशीच्या असतील, हातात छोटी हातोडी आणि टॉर्च. आम्ही चहाचा आग्रह केला, त्या म्हणाल्या, आधी काम. मग त्यांनी जिन्याची एकेक पायरी खालून-वरून ठोकून पाहिली, कठडा धरून हलवला, जिन्याच्या वळणावर गुडघ्यावर बसून कोपरे तपासले. असं काम मी फार दिवसांनी बघत होतो. अप्पा आणि मी त्यांच्या मागं मागं फिरत होतो. आमच्या गॅलरीच्या कडेला हातोडी लागली आणि आवाज बदलला. भरीव टकटक होती ती एकदम पोकळ झाली. बाईंनी तिथं खडूनं खूण केली. मग त्यांची नजर फरशीवर गेली. परातीहून मोठे, गोल, तीन डाग.

"इथं काय ठेवलेलं असतं, काका?"

"कुंड्या होत्या," मी म्हणालो.

"एवढ्या मोठ्या?"

"आंब्याची कलमं लावायचा विचार होता."

बाईंनी टॉर्च मारून डाग पाहिले. तेवढ्यात दादा बोलले. बाई नांदेडच्या म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, हे त्यांनी आल्या आल्याच विचारून घेतलं होतं आणि ते खुशीत होते. त्यांना मदत करायची होती. "कुंड्या न्हाईत, पोरी. टिपाडं व्हती तीन. काल दिसभर सगळे पानी आत न्हेऊन राहिले व्हते. माझ्या पलंगामागं हायेत बघ, चादरीखाली. वर अप्पाकडं तर चार हायेत."

अप्पा दारात उभे होते. त्यांनी दादांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. बाईंनीही माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मॅडम, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका. त्यांना आता काही कळत नाही. वयामुळं भ्रम झालाय."

वर्गात जो आवाज मी वापरायचो तोच लागला होता, न चढवता शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. दादांना ऐकू उत्तम येतं. कोणत्या साली कोणत्या नक्षत्रावर काय पेरलं हे ज्यांना तोंडपाठ, सातबाऱ्यावरचा गट नंबर ज्यांना मी कधी विचारला तरी अचूक सांगता येतो, ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. अनोळखी गावात उतरल्यावर माणूस बघतो तसे. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, आमच्या मधून वाट काढत आत गेले आणि त्याच पलंगावर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

बाईंनी कागद पुढं केला. "वजनाचा रकाना मी मालकांच्या माहितीवर भरते, काका. खाली सही तुमची लागेल." मी सही केली. जाताना त्या म्हणाल्या की गॅलऱ्यांची दुरुस्ती करून घ्या, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे एवढंच ठीक आहे, पाणी अजिबात नको. एक वर्षाचाच दाखला देते, पुढच्या वर्षी परत बघायला येईन. त्या हे फार सावकाश बोलल्या. त्यांना सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं, पण त्यांच्या हातात माझी सही होती.

दाखला आला. अप्पांनी पेढे वाटले आणि दाखला काचेत घालून मीटरच्या डब्याशेजारी, नोटीस होती तिथंच लावला. "सर, इमारत वाचवलाव तुमी," असं ते चार माणसांत म्हणाले. टिपाडं मात्र तपासणीच्या दिवशी संध्याकाळीच गॅलरीत परत गेली होती. माझीसुद्धा.

दादा दुसऱ्या दिवशी गॅलरीत आपण होऊन गेले नाहीत. मी हाक मारल्यावर येऊन बसले, पण गप्प. खालून भाजीवालीनं आवाज दिला तर टोपली सोडण्याआधी आत बायकोला विचारलं, "घ्यावं का?" पुढं पुढं ते सगळंच विचारायला लागले. अंघोळीला जाऊ का, गोळी खाल्ली का मी, आज वार कोणता. वार त्यांना माहीत असायचा. मी सांगितलेला वार आणि त्यांना वाटलेला वार एकच आहे का, हे ते पडताळून बघत होते. माझ्या एका वाक्यावर ते स्वतःला तपासत होते, रोज, आणि मला ते दिसत होतं.

बायको माझ्यावर भडकली. "जाऊन पाय धरा त्यांचे," म्हणाली. मी धरले नाहीत. शब्द सुचले नाहीत वगैरे म्हणणं खोटं आहे. शब्द चांगले सुचले होते. पण दादा, तुम्ही खरं बोलत होता, असं एकदा म्हटलं की मग त्या सहीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहत होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी आमच्या गॅलरीच्या पोटाचा मोठा पोपडा सुटून खालच्या गॅलरीत पडला. पहिल्या मजल्यावरच्या बाई धुणं वाळत घालून नुकत्याच आत वळल्या होत्या. त्यांच्या गॅलरीत उभं राहून मी टॉर्चनं वर बघितलं. आतले गज उघडे पडलेले, गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. नख लावलं असतं तरी निघाले असते. त्याच दिवशी मी आमची टिपाडं कायमची मोरीत नेली. आता अंघोळ करताना अंग चोरावं लागतं, ते चालेल. पण अप्पांची चार टिपाडं तशाच एका गॅलरीवर उभी होती आणि त्या गॅलरीच्या बरोबर खाली दादांची खुर्ची होती.

मी अप्पांकडं गेलो. पोपड्याचं सांगितलं, गजांचं सांगितलं, टिपाडं आत घ्या म्हणालो. अप्पांनी मला घर फिरवून दाखवलं. दोन खोल्या, सात माणसं, त्यात सुनेला नववा महिना. "आत कुटं ठिवू, तुमीच दाखवा सर. अन् दुरुस्तीला घ्यायचं म्हनलं तर आठ जन एका मताला येनार हायेत का? शिवाय दाखला तर हाय की भिंतीवर. तुमीच सही केलाव." यात टोमणा नव्हता. त्यांचा खरोखरच त्या कागदावर विश्वास बसला होता. ज्या खोट्यात ते स्वतः सामील होते त्याच खोट्याचा त्यांना आता आधार वाटत होता. त्यांनी मला पेरू कापून दिला.

घरी येऊन मी पालिकेला अर्ज लिहायला बसलो. "मी सेक्रेटरी या नात्यानं चुकीची माहिती दिली," इथपर्यंत तीन वेळा लिहिलं. पुढं काय होणार ते दिसत होतं. आठ घरं रस्त्यावर, त्यात नववा महिना लागलेली बाई, आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडं. तिन्ही कागद फाडले. मग बाजारातून कुलूप आणलं आणि आमच्या गॅलरीच्या दाराला लावलं.

दादांना सांगितलं, कबुतरं फार घाण करतात.

त्यांनी कुलपाकडं बघितलं. "बरं," म्हणाले.

 कबुतरांचं कारण त्यांना पटलं नसणार, पण त्यांच्या मनात कारण आधीच होतं. भ्रम झालेल्या माणसाला गॅलरीत एकटं बसू देत नाहीत. खरं कारण मी सांगू शकलो असतो. मग त्यांनी वर बघून अप्पांना हाका मारल्या असत्या, खाली बघून सगळ्या गल्लीला सांगितलं असतं, आणि ते बरोबरच केलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही. तपासणीचा कायदा माणसं वाचवायला केलेला. आमच्या इमारतीत त्यानं एकच गोष्ट घडली, खरं बोललेल्या एकट्या माणसाची गॅलरी बंद झाली. बाकी सातही गॅलऱ्या पाण्यानं भरलेल्या होत्या.

चार-सहा दिवसांनी भाजीवाली जिना चढून वर आली. तिला वाटलं होतं आजोबा गेले. दादांना पलंगावर बसलेलं बघून ती दारातच रडली. दादा तिला म्हणाले, "हाय अजून," आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाले. दोरी आणि टोपली बायकोनं माळ्यावर टाकून दिली.

वर्ष झालं. त्याच बाई पुन्हा तपासणीला येणार होत्या. इमारत आता या कामात तरबेज झाली होती. पाणी आत गेलं, शिवाय या खेपेला फरशीवरचे डागही ॲसिडनं घासले गेले आणि उघडे पडलेले गज सिमेंटनं लिंपले गेले.  पण मनात मी एक ठरवलं होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटते. आपल्याकडून होत नाही, पण दादा सांगतील. गेल्या वर्षीसारखं सरळ सांगून टाकतील, आणि या वेळी मी तोंड उघडणार नाही. मग व्हायचं ते होवो. मी सकाळीच गॅलरीचं कुलूप काढलं आणि दादांची खुर्ची दाराशी, खोलीच्या आतल्या बाजूला ठेवली. त्यांना नवं धोतर दिलं. ऐंशीच्या पुढच्या बापाच्या तोंडून आपला गुन्हा कबूल करून घ्यायची ही माझी तयारी होती.

बाई आल्या त्या गॅलरीकडं गेल्याच नाहीत. आधी दादांच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसल्या. "आजोबा, ओळखलं का? मागच्या वेळी तुम्ही मला टिपाडांचं सांगितलं होतं. आता खरं सांगा. पाणी ठेवतात का गॅलरीत?"

अप्पा दारात होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. दादांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना भीती दिसली असणार, ती होतीच. तुम्ही बोला, बोलून टाका एकदाचं, यासाठी माझा जीव कासावीस झाला होता. पण ती भीती कशाची आहे हे त्यांना कसं कळणार? लहानपणी मार चुकवायला मी त्यांच्याकडं असाच बघत असेन.

ते बाईंना म्हणाले, "न्हाई माय. तवा मी उगंच बोल्लो. माझं डोस्कं ठिकानावर नसतंय. हितं पानी कवाच नसतंय. ह्यो पोरगा सांगंल ते लिव्ह तू."

 बाईंनी उठून गॅलरी ठोकून पाहिली, खडूच्या खुणा वाढवल्या आणि कागद माझ्यापुढं धरला. रकान्यात काय लिहू, असं त्यांनी मला विचारलं. तेव्हा मी बोलू शकलो असतो. दादा माझ्याकडं बघत होते. मी "खुर्च्या, कपडे" असं सांगितलं आणि सही केली.

सगळे गेले. तासाभरानं वर फरशीवरून टिपाडं ओढत नेल्याचा आवाज सुरू झाला. दादा अजून दाराशीच बसले होते, बाहेरचं ऊन त्यांच्या पायावर आलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बरं बोल्लो का रं? तुजं घर ऱ्हाईल ना आता?"

मी हो म्हणालो. मग त्यांना हात देऊन उठवलं, खुर्ची आत घेतली आणि गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं.